फेरीसंकोचाचे नगरशास्त्र

छत्रपती संभाजीनगरातील नोकरदार कुटुंबाने रोजच्या वाहनफेऱ्या कमी कराव्यात की नाही, या प्रश्नाचा विचार शहराचा स्वभाव बाजूला ठेवून करता येत नाही. ज्या शहराने ऑक्टोबर 2010 मध्ये एकाच दिवशी 150 मर्सिडीज मोटारी सामुदायिक खरेदीने, म्हणजे घाऊक सवलत पदरात पाडून, सुमारे 65 कोटी रुपयांना घरी आणल्या आणि 2019 मध्ये शहर बससेवा नव्याने सुरू करताना मात्र शंभरेक गाड्यांचा ताफा पुरेसा मानला, त्या शहराचे मत याबाबतीत पुरेसे स्पष्ट आहे. शिवाय वाळूजला 1985 पासून बजाजच्या गाड्या तयार होत असल्याने कमी गाडी चालवणे हा स्थानिक उद्योगाशी केलेला दगाफटकाही ठरू शकतो.

या बाबतीत मोठी चूक सिडकोची झाली. 1970 च्या दशकात नवे शहर आखताना या संस्थेने एन-1, एन-2 अशा क्रमांकांच्या वसाहती पाडल्या आणि त्यांत शाळा, मैदाने व दुकाने यांसाठी जागा राखल्या. त्यामागे, मूल घराजवळच्या शाळेत चालत जाईल, असे एक भाबडे गृहीतक होते. घराजवळची शाळा चांगली असूच शकत नाही, हा पालकशास्त्राचा मूलभूत सिद्धान्त नगररचनाकारांना ठाऊक नसावा. परिणामी सिडकोतले मूल बीड बायपासच्या शाळेत जाते, बायपासचे सिडकोत येते आणि दोघांचे पालक जालना रोडवर एकमेकांना हॉर्न वाजवतात. नोकरीचेही तसेच असून, चिकलठाणा एमआयडीसीला खेटून राहणारा अभियंता शहर ओलांडून वाळूजला जातो. त्याच्या कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते. परंतु ती कामगारांसाठी असते आणि साहेबाने तिच्यात बसणे पदोन्नतीच्या दृष्टीने हिताचे नसते.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 पूर्वी भरवू नयेत असे ठरवले. मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू स्तुत्यच होता, फक्त सातवीतली ताई पूर्वीप्रमाणे सातलाच जात असल्यामुळे सोडण्या-आणण्याच्या, म्हणजे रिकाम्या गाडीने एकदा परतण्याच्या, फेऱ्या दुप्पट झाल्या. यावर रिक्षावाले काका लावावेत, ही सूचना अभ्यासू घरांत लगेच फेटाळली जाते, कारण काकांच्या रिक्षात मुले कोंबलेली असतात. त्यापेक्षा स्वतःच्या स्कूटरवर दोन मुले मागे, शेजारचा चिंटू पुढे, पायदानावर तीन दप्तरे, हुकाला डबे आणि कोणाच्याच डोक्याला हेल्मेट नाही, ही व्यवस्था सुरक्षित समजली जाते.

तरीही पेट्रोलचा खर्च डोळ्यांत भरू लागला की कुटुंबात फेरीसंकोचाचा, म्हणजे चकरा कमी करण्याचा, ठराव होतो. त्यातील पहिला उपाय ‘जाता जाता’ पद्धतीचा. ऑफिसला जाता जाता पीठ टाकणे, येता येता क्लासवरून मुलीला उचलणे आणि वाटेत भाजी घेणे, अशी कामांची साखळी ओवली म्हणजे तीन चकरांची एक होते. सिद्धान्त निर्दोष आहे. फक्त गिरणी पाचला उघडते, क्लास साडेसातला सुटतो आणि गुलमंडीकडे भाजीसाठी वळलेली मोटार उभी करायला जागा शोधताना औरंगपुरा दोनदा पाहून होतो. साखळीत कोथिंबीर हटकून राहते, आणि तिच्यासाठी होणारी चक्कर हिशेबात धरली जात नाही.

चालत जाण्याच्या उपायावर इथे अधिक लिहिण्याचे कारण नाही, कारण पदपथावर पाणीपुरीची गाडी व रोहित्र यांचा आधीपासून ताबा आहे.

शेवटी कुटुंब एका शास्त्रशुद्ध निर्णयावर येते. ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, कमी शक्तीच्या विजेच्या स्कूटरला वाहन परवाना लागत नसल्याने तशी एक ताईसाठी घेतली जाते, आईच्या संध्याकाळच्या चकरा ताईच्या खात्यावर वर्ग होतात आणि पेट्रोलचा आकडा खरोखरच उतरतो. नव्या गाडीला फाटकाच्या आत चार्जिंगची सोय लागत असल्याने मोटार बाहेर, शेजाऱ्यांच्या भिंतीलगत लावली जाते. शेजाऱ्यांनी यास लेखी हरकत घेतली आहे. ती जागा त्यांनी दसऱ्याला येणाऱ्या आपल्या तिसऱ्या गाडीसाठी धरून ठेवली होती.