‘व्हिंटेज’ काँटेसा विकणे आहे

जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन जाहिरातींत चाकांना वेल चढली की गाडी ‘व्हिंटेज’ होते. परवा एक काँटेसा दिसली. डिकीचं झाकण सुतळीने बांधलेलं, मागच्या सीटवर कोंबडी निवांत बसलेली आणि खाली मजकूर : ‘इंजिन कडक. बॅटरी नाही. किरकोळ काम.’ या किरकोळ कामात एक दरवाजाही मोडत होता. भाव मात्र लाखांत, भावनांसकट!

हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा बाजारात आली तीच १९८४ मध्ये. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणवून घ्यायला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटावी लागतात, शिवाय गाडी मूळ रूपात हवी. म्हणजे थोरल्यातली थोरली काँटेसासुद्धा २०३४ पर्यंत नुसतीच म्हातारी. (कोंबडी मूळ रूपात धरायची का, ते आरटीओ ठरवेल.)

‘डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड’ हे तर पालुपदच. गाड्या विकायला इतके डॉक्टर बसलेत, मग खेड्यातले दवाखाने ओस का?

तरी हौस फिटत नसेल, तर आधी आरसीवरचा चासी नंबर गाडीशी ताडून पाहा आणि पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी झालीय का ते विचारा. टोकन त्यानंतर.