दहावा मी

शेअर बाजाराच्या ॲपमध्ये ‘फ्युचर्स-ऑप्शन्स’च्या दालनात शिरण्याआधी एक पाटी वाचावी लागते. जुलै २०२३ पासून सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामकाने, तसा दंडकच घातला आहे. इथे दहापैकी नऊ जणांना तोटा होतो, असं ती पाटी स्वच्छ सांगते, आणि वाचल्याचं कबूल केलं तरच दार उघडतं. इतकं खरं बोलणारा द्वारपाल आपल्याकडे ना देवळाला लाभला, ना निवडणुकीला. माझा भाचा औंढा नागनाथच्या बसस्टँडसमोर, एका हातात चहाचा ग्लास धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती पाटी रोज बाजूला सारतो. पारायणाला बसलेल्या माणसाने पोथीचं पान उलटावं, तशी सराईत माया त्या अंगठ्यात असते. “वाचलंस का रे?” मी विचारलं. “मामा,” तो म्हणाला, “ते त्या नऊ जणांसाठी असतंय.”

त्या दहाव्याला एकदा भेटावं, असं मला फार वाटतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला. एक कोटीहून जास्त लोक या व्यवहारांत उतरले होते; त्यांतले ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा भरला १.८ लाख कोटींहून अधिक. पाऊण हिश्श्याहून जास्त लोकांचं सांगितलेलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आतलं, आणि बहुतेक मंडळी पहिल्या तीस मोठ्या शहरांबाहेरची. दलाल स्ट्रीटचा तोटा आता दलाल स्ट्रीटवर राहायला नाही, तो एस.टी.ने तालुक्याच्या गावी उतरतो. आमच्याकडे सोमवार महादेवाचा, आणि मंगळवार अलीकडे निफ्टीच्या एक्स्पायरीचा, म्हणजे करार संपण्याचा. सोमवारी बेल वाहायचा, मंगळवारी प्रीमियम.

अशा लोकांना अडवावं का, याची चर्चा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, थंडगार खोल्यांत चालते. औंढ्यात मात्र तो प्रश्न डोक्यात आला की विसोबा खेचर आठवतात. गुरूच्या शोधात संत नामदेव इथल्या नागनाथाच्या देवळात आले, तर म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निवांत पहुडलेला. नामदेव कळवळले, तेव्हा विसोबा म्हणाले, बाबा, जिथे पिंड नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून नेतील तिथे पिंड उगवू लागली. सेबीकडे पाहताना मला हे पाय उचलणारे भाबडे नामदेव दिसतात. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने कराराचा आकार वाढवून किमान पंधरा लाखांवर नेला, आठवड्याच्या एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरत्या ठेवल्या. पाय उचलले, हलके ठेवले. २०२४-२५ चा हिशेब आला तेव्हा ९१ टक्के लोक तोट्यात, आणि तोटा १ लाख ५ हजार कोटींहून जास्त. त्या वर्षात नियम जेमतेम चारच महिने लागू होते, हेही खरं.

हे वेड नवं आहे असं तरी कुठं? आमच्या लहानपणी पानटपरीमागे ज्याची कुजबुज चाले, त्या मटक्याचं मूळ न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर लावलेल्या पैजांत होतं. कापूस गेला, मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या, पुढे पत्ते आले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ तेवढे राहिले. म्हणजे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी, पांढरं सोनं रानात पिकवता पिकवता, साता समुद्रापलीकडच्या कापसातून निघालेलं एक प्रकारचं डेरिव्हेटिव्हच खेळून पाहिलं होतं. फक्त तेव्हा पोलीस यायचे, आता नोटिफिकेशन येतं.

परवा दाजी, म्हणजे भाच्याचे वडील, पोराला म्हणाले, “त्या मोबाईलात आपल्या सोयाबीनचा म्होरला भाव दिसतो का बघ बरं.”

“ते बंद हाय, बाबा. सरकारनं बंद केलंय.”

“अन् तुझं?”

“माझं चालू हाय.”

पोरगं खोटं बोलत नव्हतं. महागाई आवरायची म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, मूग, गहू अशा शेतमालाचे वायदे थांबवले गेले. वर्षभरासाठी आलेली ती बंदी पाहुण्यासारखी मुक्काम वाढवत राहिली. हळदीसारखे काही वायदे तेवढे सुटले. आमच्याकडचे लहान शेतकरी स्वतः वायदे करत होते अशातला भाग नाही. पण पुढच्या महिन्यांचा भाव काय बोलला जातोय, हे त्यातून कानावर पडे. तर व्यवस्था अशी, की ज्याचं बी, पाणी, कीड नि काटा चाळीस वर्षं अंगावर काढला, त्या पिकाचा वायदा दाजींना धोक्याचा. आणि बँक निफ्टीतल्या बँका कोणत्या हेही ज्याला सांगता यायचं नाही, त्याला त्याचा ऑप्शन अंगठ्याखाली.

दार बंद करावं, असं मला तरीही म्हणवत नाही. नामदेवांना देवळापुढून उठवलं, तेव्हा ते मागं जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं इथे सांगतात. नंदी आजही देवळाच्या पाठीशी आहे. उठवणाऱ्यांची बाजू औंढ्यात कुणी घेत नाही. पण याच देवळाचा गाभारा तळघरात आहे, आणि तिथे अरुंद वाटेने, अंग चोरून, वाकून उतरावं लागतं. मज्जाव कुणालाच नाही, आणि धावत जाणंही शक्य नाही. ऑप्शनकडे जाणारी वाट अशी असावी, एवढंच माझं मागणं. पाटी वाचली का, हे विचारून भागत नाही. पाटीवरचं गणित सोडवून घ्यावं, पहिली काही पावलं खऱ्या पैशांविना टाकायला लावावीत. अंगठ्याला थोडं वाकवावं.

दाजींना हे पटलं. त्यांनी पोराला जुगारावर चांगलं सुनावलं. सुनावताना ते सोयाबीनच्या पोत्यांवर बसले होते. भाव चढेल म्हणून त्यांनी ती ओसरीत थप्पी लावून ठेवली आहेत. आडत्याने सांगितलेला दर त्यांना पटत नाही, आणि यंदा भाव चढणार हे त्यांना आतून माहीत आहे. पोराने सगळं ऐकून घेतलं. मग थप्पीकडे बघत, अगदी अदबीने विचारलं, “बाबा, तुमचा स्टॉपलॉस कुठं लावलाय?”

दाजींनी थोडा विचार केला. “तुझ्या बहिणीच्या लग्नाला,” ते म्हणाले.