नावातच काय तो रूळ

मु. पो. वारूळवाडी,
ता. जुन्नर, जि. पुणे

परदेशी रेल्वेच्या समस्त पासांना,



पत्र लिहिण्यास कारण की, गेले तीन आठवडे आमच्या घरात तुमच्यावाचून दुसरा विषय नाही. थोरली लेक जर्मनीत, स्टुटगार्टला असते. 'द्राक्षाची खरड छाटणी उरकली की दोघंही महिनाभर या,' असं तिचं बोलावणं आलं. शेवटी एक वाक्य होतं, 'कुठला पास घ्यायचा ते तेवढं ठरवून ठेवा.' तेवढं! पोरीचं लग्न ठरवताना मला इतका विचार करावा लागला नव्हता.

आधी माझी लायकी सांगतो. आमच्या गावाला रेल्वे नाही. वारूळवाडीच्या नावातच काय तो रूळ. 'वा' बाजूला केला की दिसतो. पुणे-नाशिक रेल्वे आमच्या शेजारून, नारायणगावावरून जाणार, हे ऐकत ऐकत केस पिकले. मग आडव्या आल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात, आकाशाला कान लावून बसलेल्या. विजेवरची गाडी शेजारून गेली तर त्यांच्या कानात खरखर होणार. म्हणून आता गाडी शिर्डी-अहिल्यानगरकडून वळवायचं चाललंय म्हणतात. तक्रार नाही. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली दीर्घिकेची हाक आमच्या शिवारात ऐकू येते, गाडीची शिट्टी तेवढी येत नाही. प्रत्येक गावाची आपली आवड.

तर अशा माणसानं तुमच्यातून निवड करायची आहे.

पहिला मान युरेलरावांचा. १९५९ सालचं जुनं घराणं, ३३ देशांत सोयरीक. साठी उलटलेल्यांना दहा टक्के सूट. पण तुम्ही फक्त युरोपाबाहेर राहणाऱ्यांचे. लेक तिथं राहते, म्हणून तिला तुमचे धाकटे बंधू इंटररेल घ्यावे लागणार. आणि ते राहत्या देशात मोकळं फिरू देत नाहीत. म्हणजे एका घरातली माणसं, एका डब्यात, एकाच बाकावर, आणि पासांच्या दोन जाती! आम्हाला वाटायचं, हे फक्त आमच्याकडेच चालतं.

बरं, तुमची बोलणी कशी गोड. 'महिन्यात कुठलेही सात दिवस, हवी तितकी गाडी.' मुलाकडचे बैठकीत म्हणतात ना, 'आम्हाला काही नको, नारळ आणि मुलगी द्या', तसं. मग हळूच मानपानाची यादी बाहेर येते. फ्रान्सची तेजेवे गाडी? आरक्षणाचे वेगळे. युरोस्टार? वेगळे, शिवाय पासवाल्यांच्या जागा मोजक्या. रात्रीची झोपून जायची गाडी? वेगळे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड मात्र सरळ माणसं. बहुतेक गाड्यांत पास दाखवा आणि बसा. बाकी ठिकाणी जे काम आम्ही खिडकीतून रुमाल टाकून फुकट करतो, त्याचे तुम्ही युरो घेता.

पासात नावीन्य म्हणाल, तर आमच्या एसटीनं १९८८ सालीच 'आवडेल तेथे प्रवास' काढला. आता तो मिळतो चार दिवसांचा, नाहीतर सात दिवसांचा. नाव वाचलं की योजना कळते. तुमच्याकडे मात्र पास 'ग्लोबल' की एकाच देशाचा, दिवस सलग की सुटे, डबा पहिला की दुसरा, हे ठरवता ठरवता मी मनानं नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन पोचलो. आमच्याकडे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पंचमंडळी येतात, यात्रेची तारीख सांगतात, सुपारी ठरते. मीही गावाच्या वतीनं तिथं बसलोय. तारीख हवी तीच असेल तर भाव चढा. तारीख पुढंमागं चालत असेल तर घासाघीस जमते. तुमचं गणित नेमकं उलटं! तारीख पक्की असलेला आधी साधं तिकीट काढतो आणि स्वस्तात जातो. मन ठरत नाही त्याला पास. म्हणजे तुम्ही दमड्या घेता त्या आमच्या चंचलपणाच्या.

स्विस ट्रॅव्हल पास, तुम्हाला वेगळा नमस्कार. रेल्वे, बस, तळ्यातली बोट आणि पाचशेच्या वर संग्रहालयं तुमच्या पोटात. रिगीचा डोंगरही फुकट. पण ज्या युंगफ्राउयोखचा फोटो आमच्या पाहुण्यारावळ्यांच्या प्रत्येक मोबाईलवर आहे, तिथं माथ्यापर्यंत तुमची ताकद पोचत नाही. वरच्या टप्प्याला पंचवीस टक्के सूट, बाकी खिशातून. शिवनेरीच्या पायथ्याला सोडून 'वर तुमचं तुम्ही बघा' म्हणणाऱ्या जीपवाल्याची आठवण झाली.

जपानचा पास तर आमच्या कामाचा नव्हता, पण जपानला निघालेल्या मेहुण्याच्या पोरापायी तो मला धडा शिकवून गेला. १ ऑक्टोबर २०२३ला तुम्ही सात दिवसांचे २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झालात. टोकियो ते क्योतो जाऊन-येऊन तिकीट तीस हजारांच्या आत. तरी पोरगं म्हणतं, 'पास घेतला की वसूल करू.' वसूल! सगळी मेख या एका शब्दात आहे. पास घेतला की माणूस गाव बघत नाही, दिवस मोजतो. क्योतोच्या बागेत बसायचं सोडून हिरोशिमाला पळतो. ताटात पाचवी जिलेबी वाढून घेणारा भुकेला नसतो, आहेराचे पैसे वसूल करत असतो.

शेवटी मी टोमॅटोच्या हिशेबाची वही काढली. एका बाजूला आम्ही खरंच जाणार ती गावं. पुढं आज काढलं तर साध्या तिकिटाचा भाव. दुसऱ्या बाजूला पासाची किंमत, अधिक आरक्षणं. आमची बेरीज अशी निघाली: लांबचा पल्ला एकच, पॅरिस, जाऊन-येऊन. बाकीचे दिवस लेकीकडे, आणि आसपासची गावं. सौ. म्हणाली, 'पोरीला बघायला चाललोय की रेल्वेला?' वहीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे वाक्य जड निघालं.

म्हणून कळवतो की, पॅरिसची तिकिटं आगाऊ काढतोय, आणि जर्मनीपुरतं डॉइचलांड-टिकेट. मे २०२३मध्ये ते महिना ४९ युरोंना होतं, जानेवारी २०२५ला ५८ झालं, जानेवारी २०२६पासून ६३. जलद आयसीई गाडीत चालत नाही. साध्या गाड्या, ट्राम, बस सगळ्यात चालतं. सावकाश जाणाऱ्यांचा पास आहे, आम्हाला शोभेल. खोड एकच: दहा तारखेच्या आत 'नको' सांगितलं नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. रतीब बंद करायला गवळ्याला आधी सांगावं लागतं, तसं.

बाकी पासांनी मनाला लावून घेऊ नये. रोज एक राजधानी बघणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत, त्यांना तुम्ही लखलाभ.

ता. क. परवा व्हिसाच्या कामाला पुण्याला निघालो. नारायणगावच्या स्टँडवर गाडी भरून आली. मी पासष्ट ओलांडलेला, सौ.ला महिलांची सवलत. म्हणजे दोघांत मिळून एकच तिकीट. कंडक्टरनं माझं आधार कार्ड बघितलं आणि दोन अर्धी हातावर ठेवली.

'काका, पुण्यात काय काम?'

'युरोपला चाललोय.'

'मग दारात का उभे? मागं सरका, मागं जागा आहे.'

जागा खरंच होती. आणि तिचे वेगळे पैसे त्यानं मागितले नाहीत.

आपला,
एक होता होता राहिलेला पासधारक