सरड्याची वास्तुशांत

येमेनचा शॅमेलिऑन अमेरिकेतल्या दिवाणखान्यात सुखाने नांदावा, म्हणून हौशी मंडळी घरीच पिंजरा ठोकतात. भूतदया म्हणतात ती हीच. स्वारी वाटीतले पाणी सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटते. म्हणून तुषार उडवणारा पंप. ऊन हवे, म्हणून यूव्हीबी दिवा. काचेत स्वतःचेच रूप दिसले की बिथरते, म्हणून चौफेर जाळी. आता पिंजरा तेवढा येमेनएवढा केला, की तक्रारीला जागाच नको!

हवाईत १९७२ मध्ये एका व्यापाऱ्याने हे साधले. केनियाहून आलेले जॅक्सनचे शॅमेलिऑन त्याने जरा हुशारी यावी म्हणून अंगणात सोडले. बेटावर त्यांची वस्ती अजून आहे.

आपल्याकडे देशी शॅमेलिऑन पाळणाऱ्याने सुतार शोधू नये. १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्यात गजांची सोय आहे, मालकासाठी.