सी-१० : मूळ स्वरूपातली

सी-१० हा शेवरोलेचा अर्ध्या टनाचा पिकअप. १९६७ ते १९७२च्या मॉडेलांवर अमेरिकेतल्या हौशी मंडळींचा विशेष जीव. गाडी मुळात कष्टाची: पेट्रोलची टाकी थेट केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे, आणि १९७० पर्यंत पुढच्या चाकांनाही ड्रम ब्रेकच.

मालकीची सुरुवात ‘मूळ स्वरूप जपायचे’ या संकल्पाने होते. मग फक्त इंजिन बदलते. जनरल मोटर्सचे एलएस व्ही-८, १९९७ साली कॉर्व्हेटमधून अवतरलेले, हे यातले लाडके. त्याला फ्युएल इंजेक्शन, म्हणून जास्त दाबाचा पंप. पंपापायी नवी टाकी. ताकद पेलायला गिअरबॉक्स, ती आवरायला डिस्क ब्रेक, शिवाय सगळे वायरिंग. मूळचे उरतात पत्रा आणि कागदपत्रे. पत्र्यावरचा गंज मात्र घासायचा नसतो; वर पारदर्शक लॅकर मारून तो जपायचा असतो. नवा रंग दिला, तर जाणकार हळहळतात.

सस्पेन्शन उतरवून गाडी जमिनीला टेकवली की मालवाहतुकीचा विषयच संपतो. हौद्यात ओकच्या पॉलिश केलेल्या फळ्या बसतात. त्यांच्यावर ओरखडा नको, म्हणून प्लायवूड आणायला मालक शेजाऱ्याची गाडी मागतो.