एक इंच खाली

पन्नाशी उलटली की माणसाच्या गुडघ्यांना मतं फुटतात. माझ्या उजव्या गुडघ्याचं मत पडलं की बुलेटवर पाय दुमडून बसायचे दिवस संपले. त्यात पुणे ते सावंतवाडी, आंबोली घाटातून, तेही जुलैमध्ये, असा बेत ठरलेला. म्हणून घरबसल्या नवे फूटरेस्ट मागवले. रुंद, काळेकुळकुळीत, वर मगरीसारखे दात आणि मुख्य म्हणजे जुन्यापेक्षा एक इंच खाली बसणारे. गुडघ्याला तेवढाच एक इंच मोक्ष.

फूटरेस्ट बदलण्यात खरं तर काही नाही. स्प्लिट पिनेचे पाय सरळ करून ती ओढायची, आडवी जाड पिन ठोकून काढायची, की जुना फूटरेस्ट हातात येतो. नवा उलट क्रमाने बसवायचा. मधे एक स्प्रिंग असते. फूटरेस्ट रस्त्याला घासला तर वर दुमडावा आणि लगेच खाली यावा, एवढंच तिचं काम. दहा मिनिटांचा मामला. पण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी पाना हातात घेतला की माणसं जमतात, त्यामुळे मला दोन तास लागले. पहिली स्प्रिंग उडाली ती तळमजल्याच्या आजींच्या तुळशीत मिळाली. दुसरी कुठे गेली ते आजींनी सांगितलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर बराच वेळ गप्प उभे होते. शेवटी म्हणाले, "ब्रेक पेडलची उंची बघितलीस का?"

"काका, पेडल कुठे बदललंय? ते आहे तिथेच आहे."

"तेच म्हणतोय," म्हणून ते दूध आणायला गेले. निवृत्त माणसाचं कोण ऐकतं!

खाली आलेल्या हिने विचारलं, "अहो, जुने कुठे टाकू?"

"भंगारात दे."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' इतकं आज्ञाधारक कधीच नसतं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

पहाटे पाचला निघालो. गुडघा खूश होता. घोटा मात्र साताऱ्यापासून कुरकुरू लागला. फूटरेस्ट इंचभर खाली गेला आणि पेडल जागेवरच राहिलं, म्हणजे ब्रेक दाबायला पाऊल उचलून वर न्यायला हवं. बोटं किती वेळ वर धरणार? मी ती पेडलवर टेकवली. बसल्या बसल्या छान आधार मिळाला.

वाटेत लोक फारच प्रेमाने वागत होते. मागचे ट्रकवाले दिवे मारत होते. कारमधल्या एका मुलाने माझ्या मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. मी हिला म्हटलं, "बघ, फूटरेस्ट लांबूनही उठून दिसतात." कोल्हापूर ओलांडल्यावर करपल्यासारखा वास येऊ लागला. मी साखर कारखान्यांना दोष दिला. ही म्हणाली, "जुलैत कारखाने बंद असतात." मी म्हटलं, मग गुऱ्हाळ असेल. निपाणीला कर्नाटकात शिरलो, उत्तूरच्या रस्त्याने पुन्हा महाराष्ट्रात आलो, तरी वास बरोबरच. गाडी ओढत नव्हती. त्याचं खापर मी हिच्या बाजूच्या बॅगेवर फोडलं. ती बॅग खरंच संशय यावा इतकी जड होती.

आजऱ्याच्या अलीकडे चहाची टपरी दिसली. थांबलो. उजवा पाय खाली टेकवायला गेलो, तर रेनकोटच्या विजारीची मोहरी मगरीच्या दातात अडकलेली! पाय वरच राहिला आणि गाडी उजवीकडे कलली. पावणेदोनशे किलोच्या वरचं धूड पडायला लागलं की त्याला कोणी अडवत नाही, फक्त साथ देतं. ही मात्र वेळेवर उतरून बाजूला उभी होती. तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव.

चौघांनी गाडी उभी केली. उजवा फूटरेस्ट तुटलेला आणि ब्रेक पेडल आत वळून इंजिनाला चिकटलेलं. टपरीशेजारीच गॅरेज होतं. मिस्त्री आला, खाली बसला आणि कपातला उरलेला चहा मागच्या ड्रमवर शिंपडला. चर्रर्र झालं.

"कुठनं आलाय, पाव्हणं?"

"पुण्याहून."

"पुण्यापासनं ब्रेक दाबूनच आलाय व्हय? मागचा लाल दिवा बी सारखा पेटतच असणार की."

मला ट्रकवाल्यांचं प्रेम एकदम समजलं. पेडलवर नुसती बोटं टेकली तरी लायनर ड्रमला घासत राहतात. ड्रम तापतो, आणि तापलेला ब्रेक नेमका उतारावर धरेनासा होतो. आम्ही उतरणार होतो आंबोली. तिथून सावंतवाडीपर्यंत जवळजवळ सगळा उतारच.

टपरीवरचे एक आजोबा म्हणाले, "आमच्या टायमाला ब्रेक डाव्या पायाला हुता. मुंबईत दुसरी गाडी चालवून आलो आणि बुलेटवर बसलो, तर ब्रेक म्हणून गिअरच दाबला. थेट उसात." मद्रासला १९५५-५६च्या सुमारास बनू लागलेल्या बुलेट पुढे कित्येक वर्षं तशाच होत्या, गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. आपल्याआधी कोणी तरी उसात गेलंय, हे ऐकून बरं वाटलं.

पेडल सरळ करून मिळेल का, असं मी विचारलं. मिस्त्रीने वेल्डिंगच्या जोडाशी केसाएवढी चीर दाखवली. "सरळ करतो की. पर घाटात मोडलं तर मला शिव्या देऊ नका." मग त्याने पत्र्याच्या पेटाऱ्यातून जुनं पण धड पेडल काढलं, रॉकेलने धुतलं, बुशाला ग्रीस भरलं आणि बसवलं.

"आता फूटरेस्ट. असल्या डिझाइनचा हितं न्हाई मिळायचा."

ही शांतपणे उठली. बाजूची बॅग उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन्ही जुने फूटरेस्ट टेबलावर ठेवले. पिनांसकट. गहाळ झालेली दुसरी स्प्रिंगसुद्धा त्यात होती. मी जे ओझं पुण्यापासून दूषणं देत वाहिलं, ते माझंच होतं.

"वैनी हुशार हायत," मिस्त्री म्हणाला. त्यानंतर तो सगळं हिलाच समजावून सांगू लागला. "ही जोडी हाय, वैनी. पाय ठेवायचं आणि ब्रेकचं. एकाला खाली आणलं तर दुसऱ्याला इचारायला नको?" ही माझ्याकडे न बघता "खरंय" म्हणाली.

मग त्याने मला गाडीवर बसवलं. "पाय ठेवा. खाली बगू नका. ब्रेक दाबा." पाऊल सहज ठेवल्यावर पेडल बोटांच्या खालीच हवं, बघायला लागता कामा नये. दाबलं की आधी बोटभर मोकळं जायला हवं आणि मगच ब्रेक धरायला हवा. ते रॉडच्या टोकाच्या नटावर जमवतात. शेवटी दिव्याचा स्विच. पाय काढला की लाल दिवा विझला पाहिजे. तीन वेळा करून घेतलं. चौथ्यांदा हिच्याकडून.

"ड्रम गार होऊ द्या. घाटात दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेकला नुसतं शिवा." सगळ्याचे साडेतीनशे रुपये. चहाचे टपरीवाल्याने घेतले नाहीत, कारण एक कप ड्रमने प्यायला होता.

आंबोलीत धुकं इतकं की रस्ता आणि दरी यांतला फरक फक्त कठड्याला माहीत. धबधब्यापाशी पर्यटकांची जत्रा आणि गरम मक्याचा धूर. त्या गर्दीतून सरकताना मी एकदाही खाली पाहिलं नाही. पाऊल आपलं आपण ब्रेकवर जात होतं आणि परत येत होतं. वास होता तो फक्त मक्याचा. संध्याकाळी सावंतवाडीत मोती तलावाच्या काठावर गुडघा थोडा दुखत होता. दुखू दे म्हटलं.

तुम्हीही फूटरेस्ट बदलणार असाल, तर गाडी उभी करून त्यावर बसा, डोळे मिटा आणि पायाने ब्रेक शोधा. मग कोणाला तरी मागे उभं करून विचारा, दिवा विझला का. आणि जुने फूटरेस्ट भंगारात देऊ नका. बायकोकडे द्या.