दुर्बिणीची तारीख

"काय हो वहिनी, सूनबाईंच्या खोलीत पहाटे तीनपर्यंत दिवा! सगळं ठीक ना?"

"ठीक कसलं काकू, अर्ज लिहितेय. ती वेब दुर्बीण, २०२१च्या नाताळात सोडली ती, तिची वेळ मागायचीय. ऑक्टोबरच्या मध्यावर मुदत संपते."

"मग पैसे भरायचे नि बघायचं. त्याला जागरण कशाला?"

"पैसे नाहीतच. जगातल्या कुणीही मागावं. अर्ज जातो अमेरिकेत, बाल्टिमोरच्या संस्थेकडे. पण गर्दी ऐका: २०२४ साली जवळजवळ २,४०० अर्ज आले, मागितलेले तास ७८,०००. अहो, अख्ख्या वर्षाचेच तास ८,७६०!"

"अगबाई! मग काढा की कुणाची तरी ओळख. इथे लग्नाचं कार्यालय मिळवायचं तर मॅनेजरच्या मेव्हण्यापर्यंत जावं लागतं."

"तिथेच तर गोची आहे. परीक्षकांना नावच कळू द्यायचं नाही. आधीच्या हबल दुर्बिणीवाल्यांनी २०१८मध्ये सुरू केलं हे. 'आम्ही मागे दाखवल्याप्रमाणे' असंसुद्धा लिहायची सोय नाही, त्यावरून माणूस ओळखू येतो म्हणे. आणि गंमत म्हणजे, त्या पहिल्याच फेरीत बायकांच्या अर्जांना पुरुषांपेक्षा जास्त यश. त्याआधी वर्षानुवर्षं उलटं चालायचं."

"बघा! म्हणजे आधी नावं वाचून निकाल लावत होते."

"ते तुम्ही म्हणताय हं, मी नाही. फरक किंचितच होता."

"किंचित तर किंचित! बरं, वरच्या साहेबांचा वाटा नसतो का कुठे?"

"असतो तर! त्या संस्थेच्या संचालकांच्या हाती थोडा वेळ राखीव असतो. पण लगेच नाक मुरडू नका. १९९५मध्ये रॉबर्ट विल्यम्स म्हणून संचालक होते, त्यांनी हबलचे दहा दिवस आकाशाच्या एका रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्यावर घातले. हाती काही लागणार नाही म्हणून जाणत्यांनी आधीच बजावलं होतं. निघाल्या तीनेक हजार दीर्घिका!"

"धाडसच म्हणायचं. मग वेळ मिळाली की सूनबाई जाणार तिकडे डोळा लावायला?"

"दुर्बीण पंधरा लाख किलोमीटरवर, जाते कुठे! ती आपली आपण बघते, हिला घरबसल्या माहिती येते. तारीखसुद्धा हिच्या सोयीची नाही. दुर्बिणीची छत्री कायम सूर्याच्या बाजूला धरावी लागते, त्यामुळे एका वेळी आकाशाचा चाळीसेक टक्केच भाग बघता येतो. हिचा तारा त्यात येईल तेव्हा हिचा नंबर. वळायलाही वेळ मोडतो, म्हणून शेजारशेजारची कामं शक्यतो लागोपाठ लावतात. एवढं जुळवून झाल्यावर कुठे एखादा तारा फुटला, तर हिचं राहिलं बाजूला, आधी तिकडे धाव."

"आणि निकाल?"

"मार्चमध्ये."

"बाई बाई! मग यंदा फराळाचं कोण बघतंय?"

"चिरंजीव. काल चकल्या केल्या, सगळ्या तेलात विरघळल्या. तुमच्याकडे भाजणी आहे का हो वाटीभर?"